साडेपाचला पडदा उघडतोच: लेट-नाइट शोच्या पडद्यामागची मालिका कशी लिहावी

अमेरिकेतल्या रात्रीच्या टॉक शोच्या पडद्यामागे घडणारी गोष्ट लिहायला मराठी लेखकाला अजिबात हरकत नाही. वेब मालिका असो, श्राव्य नाटक असो की एकांकिका, विषय भरपूर पुरवठ्याचा आहे. एकच जागा, ठरलेली माणसं, रोजचं काम आणि त्या कामाला रोज संध्याकाळी लाभणारा शेवट. नाटकाला आणखी काय हवं? तरी अशा संहितांमध्ये घोडं ठरलेल्या ठिकाणी पेंड खातं. लेखक पडद्यावरचा शोच लिहीत बसतो. टाय लावलेला होस्ट, त्याचे विनोद, झगमगते पाहुणे. पडद्यामागे मग फक्त भांडणं उरतात, आणि ती भांडणं कुठल्याही ऑफिसात खपून जातील अशी असतात.

माझं म्हणणं असं की ही गोष्ट घड्याळाची आहे. न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण साधारण संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू होतं आणि रात्री ११.३५ला शो प्रसारित होतो. साडेपाचला सव्वादोनशे-चारशे प्रेक्षक खुर्च्यांवर बसलेले असतात. होस्टचा घटस्फोट झालेला असो, हेड रायटर नोकरी सोडून गेलेला असो, पाहुणा विमानतळावर अडकलेला असो, पडदा उघडतोच. तुमच्या प्रत्येक प्रसंगाला या वेळेचा धाक असला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: काळ ठरवा

‘द टुनाइट शो’ एनबीसी या अमेरिकी नेटवर्कवर (नेटवर्क म्हणजे देशभर दिसणारी वाहिनी) १९५४ साली सुरू झाला, स्टीव्ह ॲलन पहिला होस्ट. १९५७ ते १९६२ जॅक पार, आणि मग १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत जॉनी कार्सन. जवळजवळ तीस वर्षं एकच माणूस एकाच टेबलामागे. या एका वस्तुस्थितीने पुढच्या सगळ्यांची झोप उडवली, कारण अशा खुर्च्या अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले शेकडो.

कार्सन निवृत्त होताना खुर्ची डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो या दोन कॉमेडियनांपैकी कुणाला मिळणार, यावरून जो प्रकार झाला त्याचा अभ्यास कराच. खुर्ची लेनोला मिळाली. लेटरमन ऑगस्ट १९९३मध्ये सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कवर गेला आणि त्याच वेळेला समोर उभा ठाकला. मधल्या काळात, जानेवारी १९९३मध्ये, एनबीसीचे वरिष्ठ लेनोच्या भवितव्यावर फोनवर चर्चा करत असताना तो बाजूच्या एका लहानशा खोलीत लपून ती ऐकत बसला होता. हे त्याने स्वतः नंतर कबूल केलं आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचा होस्ट अंधाऱ्या खोलीत श्वास रोखून बसला आहे, या चित्रात तुमच्या मुख्य पात्राचा अर्धा स्वभाव आला. २०१०मध्ये तीच खुर्ची लेनोनंतर आलेल्या कोनन ओब्रायनकडून सात-आठ महिन्यांत काढून पुन्हा लेनोला दिली गेली. आणि जुलै २०२५मध्ये सीबीएसने जाहीर केलं की स्टीफन कोल्बेअरचा ‘लेट शो’ मे २०२६मध्ये बंद करायचा. नवा होस्ट नाही, खुर्चीच काढून टाकायची.

काळाप्रमाणे भीतीचं रूप बदलतं. १९७०च्या दशकातली गोष्ट लिहाल तर शो कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये असेल (‘टुनाइट’ १९७२ साली न्यूयॉर्क सोडून तिकडे गेला), भाग दीड तासाचा असेल आणि होस्ट सम्राट असेल. १९८० साली कार्सनने भाग एका तासाचा करून घेतला. १९९२च्या आसपास लिहाल तर दोन नेटवर्कांमधलं युद्ध मिळेल. आजचं लिहाल तर रात्री जागून बघणारे कमी झाले आहेत, सकाळी यूट्यूबवर चार मिनिटांचा तुकडा किती लोकांनी पाहिला यावर मीटिंग होते, आणि पाहुण्याशी गप्पा मारण्यापेक्षा त्याच्याबरोबर एखादा खेळ खेळावा म्हणून वरून दबाव येतो. यातला एक काळ निवडा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा. माझी पसंती १९९०च्या दशकाला. मोबाइल नाही, त्यामुळे बातमी माणसाच्या तोंडूनच यावी लागते, आणि कॉरिडॉरमधून धावत येणारा माणूस रंगमंचावर नेहमीच कामाला येतो.

दुसरी पायरी: दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

संहितेचं एक अक्षर लिहिण्याआधी मोठ्या कागदावर दिवस मांडा. शोगणिक वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण साचा असा.

सकाळी नऊच्या सुमारास लेखक येतात. त्याआधीच वर्तमानपत्रं आणि बातम्यांच्या क्लिपा चाळलेल्या असतात. मोनोलॉग (शोच्या सुरुवातीला होस्ट एकट्याने उभं राहून सांगतो ते विनोद) लिहिणारे वेगळे, स्केच (छोटे विनोदी प्रसंग) लिहिणारे वेगळे. मोनोलॉगवाले एकेकटे बसून विनोद पाडतात आणि यादी वर पाठवतात. शंभराच्या घरात विनोद जमतात, होस्ट त्यातले दहा-पंधरा-वीस उचलतो. म्हणजे रोज दुपारपर्यंत लेखकाच्या दहापैकी आठ-नऊ विनोदांना नकार मिळालेला असतो, तोही बहुतेक वेळा एका शब्दाशिवाय. हे रोज होतं. पाच वर्षं रोज नकार पचवणाऱ्या माणसाचं काय होतं, हा लेखकांच्या खोलीचा खरा विषय आहे. त्याला भरपूर जागा द्या.

अकराच्या सुमारास प्रोड्यूसरची बैठक. आज कोण येणार, कोण गळालं, काल काय पडलं. दुपारी एक-दोन वाजता तालीम. रिकाम्या खुर्च्यांसमोर होस्ट विनोद वाचतो, समोर स्टाफमधले आठ-दहा जण. इथे कोण किती हसतं हे सगळे सगळ्यांचं बघत असतात. काही होस्ट तालमीत विनोदाला कुणी हसलं नाही की तो तिथेच मारतात. काही जण हट्टाने ठेवतात आणि रात्री तो पडला की त्या पडण्यावरच हशा वसूल करतात. कार्सन यात उस्ताद होता.

तीन ते साडेचार पुनर्लेखन. याच वेळी दुपारची बातमी फुटते. सकाळपासून केलेलं निम्मं काम केराच्या टोपलीत जातं. क्यू कार्ड, म्हणजे होस्टने समोर बघत वाचायची कार्डं, लिहिणारा जाड मार्करने मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर नवं लिहीत असतो, आणि शेवटचा बदल आला की तेवढ्यावर पट्टी चिकटवून वरून लिहितो. त्याच्या हाताला शाईचे डाग असतात. साडेचारला प्रेक्षक आत. पाचच्या सुमारास वॉर्म-अप करणारा कॉमेडियन येऊन त्यांना हसतं करतो, टाळ्या कधी वाजवायच्या ते शिकवतो, बँड वाजतो. थिएटर मुद्दाम थंड ठेवतात. लेटरमनचं एड सलिव्हन थिएटर तर गारठ्यासाठीच प्रसिद्ध होतं, कारण उबेत बसलेला प्रेक्षक सुस्तावतो.

साडेपाचला शो. एका तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता हातात उरतात सुमारे ४२ मिनिटं. चित्रीकरण शक्यतो सलग, जणू थेट प्रक्षेपण चालू आहे असंच होतं. जाहिरातींच्या ब्रेकलाही साधारण तेवढाच वेळ थांबतात. साडेसहाला संपलं की लगेच एका खोलीत आजच्या भागाची चिरफाड. मग संपादन, मग प्रत नेटवर्ककडे. रात्री ११.३५ला होस्ट घरी बसून स्वतःला बघतो किंवा मुद्दाम बघत नाही. यातलं तो काय करतो ते ठरवून ठेवा, पात्र उभं राहायला मदत होते.

काही शो गुरुवारी दोन भाग उरकतात आणि शुक्रवार सुटीचा. दोन भागांच्या दिवशी सगळ्यांचे धागे ताणलेले असतात. मालिकेत असा निदान एक गुरुवार हवाच.

तिसरी पायरी: माणसं, आणि कोण कुणावर अवलंबून

या विषयावरची सर्वांत महत्त्वाची काल्पनिक मालिका म्हणजे ‘द लॅरी सँडर्स शो’. एचबीओवर १९९२ ते १९९८, सहा सीझन, ८९ भाग. तिचा मुख्य नट गॅरी शँडलिंग स्वतः कार्सनच्या गैरहजेरीत ‘टुनाइट’चा पाहुणा होस्ट म्हणून बसलेला होता, त्यामुळे त्याला हे जग आतून माहीत होतं. त्याने तीन खांब उभे केले: असुरक्षित होस्ट लॅरी, त्याला सांभाळणारा प्रोड्यूसर आर्टी, आणि सोफ्यावरचा जोडीदार हँक. त्याची नक्कल करू नका, पण हे नीट बघा की तिघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या दोघांकडून काहीतरी हवं आहे आणि ते त्याला कधीच पुरेसं मिळत नाही.

होस्टला प्रेम हवं असतं. रोज, नवीन प्रेक्षकांकडून. कालच्या टाळ्या आज चालत नाहीत. त्याला खलनायक करू नका आणि बिचाराही करू नका. तो आपल्या कामात खरोखर हुशार असला पाहिजे. पाहुणा अडखळला की अर्ध्या सेकंदात वाक्य टाकून प्रसंग सावरणारा माणूस दाखवलात तरच त्याच्या बाकीच्या वागण्याला वजन येईल.

एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर ही माझ्या मते या जगातली सगळ्यात सकस भूमिका. होस्टपर्यंत काय पोहोचू द्यायचं आणि काय अडवायचं हे त्या व्यक्तीच्या हातात. वरून नेटवर्कचा फोन आला की तीच ऐकते, आणि होस्टला ताकास तूर लागू देत नाही, कारण साडेपाचला त्याचा चेहरा मोकळा हवा. खोटं बोलणं हा तिच्या कामाचा भाग आहे आणि ते ती मायेनं करते. ती कुणाजवळ खरं बोलते? हे एक पात्र तुम्हाला निर्माण करावं लागेल. बँडप्रमुख चालेल, वयस्क स्टेज मॅनेजर चालेल.

जोडीदाराचं दुःख असं की तो रोज दिसतो पण त्याच्याशिवाय शो होऊ शकतो. एड मॅकमेहनने तीन दशकं कार्सनच्या शेजारी बसून काढली. अशा माणसाला जाहिराती मिळतात, सुपरमार्केटच्या उद्घाटनाची आमंत्रणं मिळतात, आणि होस्ट निवृत्त झाला की त्याचं काय, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

मग बुकर, म्हणजे पाहुणे मिळवणारी व्यक्ती. एक मोठा नट हवा तर त्याची पीआरवाली म्हणते, मग आमची ही नवी मुलगीही पुढच्या आठवड्यात घ्या. हा बाजार रोज चालतो. एकाच नटीसाठी दोन शो झगडत असतात आणि जो आधी मिळवतो त्याच्याकडे ती गेली की दुसऱ्याकडे काही आठवडे जात नाही. पेज म्हणजे गणवेशातली तरुण मुलं, प्रेक्षकांना रांगेत लावणारी. एनबीसीची पेज योजना १९३३पासून आहे. बाहेरून आत येणाऱ्या, काहीच माहीत नसलेल्या पात्राच्या डोळ्यांनी जग दाखवायचं असेल तर पेजइतकं सोयीचं दुसरं कुणी नाही.

नेटवर्कचा माणूस फक्त दोन-तीन प्रसंगांत ठेवा. त्याचा फोन जास्त परिणाम करतो.

चौथी पायरी: पाहुण्याच्या गप्पांमागचं काम उघड करा

घरच्या प्रेक्षकाला वाटतं, नट आला, बसला, सहज आठवली म्हणून गोष्ट सांगितली. खरा प्रकार वेगळा. एक-दोन दिवस आधी सेगमेंट प्रोड्यूसर, म्हणजे त्या पाहुण्याचा भाग सांभाळणारी व्यक्ती, पाहुण्याला फोन करते आणि अर्धा-पाऊण तास बोलते. मुलं काय म्हणतात, सुटीत कुठे गेला होतात, सेटवर काही गंमत? त्यातून तीन-चार किस्से निघतात. ती ते क्रमाने लावते, प्रत्येक किस्सा कुठल्या प्रश्नाने सुरू होईल ते लिहिते, शेवटचं वाक्य टिपून ठेवते. ही कार्डं होस्टच्या टेबलावर असतात. होस्ट विचारतो, ‘तुम्ही मध्ये कुत्रा पाळलात म्हणे?’ तेव्हा त्याला कुत्र्याचं नाव, त्याने चावलेला शेजारी आणि गोष्टीचा शेवट सगळं ठाऊक असतं. तरीही पहिल्यांदा ऐकल्यासारखा तो हसतो. रोज दोन-तीनदा.

या एका कामात तुम्हाला दोन-तीन भागांचं साहित्य आहे. पाहुणी फोनवर मोकळेपणाने काहीतरी सांगून जाते आणि दुसऱ्या दिवशी म्हणते, ते घेऊ नका. सेगमेंट प्रोड्यूसरपुढे पेच: होस्टला ते कार्ड आधीच आवडलेलं आहे. किंवा एखादा जुना, दारूने पोखरलेला नट फोनवर अफलातून बोलतो आणि टेबलासमोर बसल्यावर सगळं विसरतो. होस्ट कार्डाकडे नजर टाकून त्याचाच किस्सा त्याला थोडा थोडा आठवून देतो, त्या माणसाची अब्रू वाचवतो. अशा वेळी तुमचा स्वार्थी होस्ट प्रेक्षकाच्या काळजात घर करतो, आणि त्यासाठी एकही भावनिक संवाद लिहावा लागत नाही.

बसण्याची व्यवस्थाही समजून घ्या. परंपरेने होस्टचं टेबल पडद्याच्या उजव्या बाजूला, पाहुणा डावीकडे. जुन्या काळी पहिला पाहुणा गप्पा झाल्यावर उठून जात नसे, सोफ्यावर एक जागा सरकत असे. नव्या कॉमेडियनने उभं राहून पाच-सहा मिनिटं केली की तो आवडला तर कार्सन हाताने खूण करून त्याला सोफ्यावर बोलवायचा. ती खूण मिळाली की दुसऱ्या दिवशी नशीब पालटलेलं. १९८६ साली एलन डिजेनेरसला पहिल्याच फेरीत अशी खूण मिळाली, आणि पहिल्याच वेळी बोलावणं आलेली ती पहिली स्त्री कॉमेडियन. ज्यांना खूण मिळाली नाही ते पडद्यामागून निमूट बाहेर पडत. त्यांच्यातल्या एकाला तुमच्या मालिकेत नाव द्या.

पाचवी पायरी: जाहिरातीच्या ब्रेकमध्ये घुसा

पडद्यापुढचं आणि पडद्यामागचं या दोन जगांचा सांधा म्हणजे ब्रेक. होस्ट टेबलामागेच असतो, चारशे माणसं त्याच्याकडे बघत असतात, पण घरी साबणाची जाहिरात लागलेली असते. बँड मोठ्याने वाजतो, त्यामुळे पहिल्या रांगेलाही टेबलावरचं ऐकू येत नाही. मेकअप आर्टिस्ट घाम टिपते. प्रोड्यूसर टेबलाशी येते. दोन-तीन मिनिटांत निर्णय घ्यायचे असतात, आणि चेहऱ्यावर हसू ठेवून घ्यायचे असतात. एक नमुना लिहून दाखवतो.

*(बँड सुरू. मेकअप आर्टिस्ट होस्टच्या कपाळावर पफ टिपते. प्रोड्यूसर टेबलाशी वाकते. पाहुणा नट शेजारच्या खुर्चीत, पाणी पितोय. त्याचा कुत्र्याचा किस्सा अर्धवट राहिलाय.)*

प्रोड्यूसर: चार मिनिटं जास्त गेलीयत.

होस्ट: (प्रेक्षकांकडे हात हलवत) त्याचा कुत्रा अजून विमानातच आहे.

प्रोड्यूसर: राहू दे विमानात. शेवटी यायच्या नव्या पोराचं काय करू? ठेवू की उद्यावर ढकलू?

होस्ट: त्याची आई आलीये ना ओहायोहून?

प्रोड्यूसर: दुसऱ्या रांगेत. निळा ड्रेस.

होस्ट: मग ठेव.

प्रोड्यूसर: मग गाणं कापावं लागेल. गायिकेची कंपनी वर फोन करणार, आणि वरचे मला.

स्टेज मॅनेजर: तीस सेकंद.

पाहुणा: काही गडबड आहे का?

होस्ट: छे, छे. तुम्ही मैफल जिंकलीत. (मान न वळवता, प्रोड्यूसरला) तू ठरव.

प्रोड्यूसर: आज नाही. आज तू सांगायचंस.

स्टेज मॅनेजर: दहा.

*(होस्ट दुसऱ्या रांगेकडे बघतो. निळ्या ड्रेसमधली बाई त्याला हात करते. तो हात करतो.)*

होस्ट: पोराला उद्या बोलव.

*(स्टेज मॅनेजरची बोटं: तीन, दोन, एक. बँड थांबतो. होस्टचा चेहरा उजळतो.)*

या प्रसंगात कुणी आवाज चढवलेला नाही. घड्याळ स्टेज मॅनेजरच्या तोंडून बोलतं. होस्ट पाहुण्याला ‘तुम्ही’ आणि प्रोड्यूसरला ‘तू’ म्हणतो, म्हणून एकाच श्वासात तो दोन माणसं वाटतो. निर्णय प्रोड्यूसर नेहमी स्वतःवर घेत आली आहे आणि आज घेत नाही, इथे त्या दोघांचं नातं हललं. पुढच्या दोन भागांचं इंधन त्यातच आहे. आणि त्या आईला हे कोण सांगणार? ते लिहिताना पेजला पाठवा.

पाहुणा वेळेअभावी गळणं हा या धंद्यातला नित्याचा प्रकार. होस्ट जिमी किमेल वर्षानुवर्षं शो संपताना गमतीने नट मॅट डेमनची माफी मागत आला, वेळ संपला म्हणून, जणू तो आत बसलाच होता. ज्याच्यावर खरोखर ही वेळ येते तो ग्रीन रूममध्ये, म्हणजे पाहुण्यांनी थांबायच्या खोलीत, फळांच्या ताटाशेजारी, इस्त्रीच्या शर्टात, टीव्हीकडे बघत बसलेला असतो आणि मिनिटं मोजून त्याला आधीच कळून चुकलेलं असतं.

सहावी पायरी: संकटं इतिहासातून उचला, पण कारणासकट

खऱ्या घटना भरपूर आहेत. त्यांचा सांगाडा घ्या, नावं सोडा.

फेब्रुवारी १९६०मध्ये जॅक पारचा एक विनोद नेटवर्कने त्याला न विचारता कापला. विनोद होता शौचालयासाठीच्या एका सभ्य शब्दावरचा. दुसऱ्या रात्री पार प्रेक्षकांसमोर आला, बोलला आणि शो सोडून चालता झाला. उरलेला भाग निवेदक ह्यू डाउन्सने निभावला. महिनाभराने पार परतला. हा प्रसंग वापरायचा तर पारच्या रागापेक्षा डाउन्सची गोष्ट बघा. होस्ट निघून गेला, कॅमेरे चालू आहेत, आणि आता बोलायचं तुम्ही.

१ ऑक्टोबर १९९३ रोजी बिल हिक्स या कॉमेडियनचा पूर्ण तुकडा लेटरमनच्या भागातून प्रक्षेपणाआधी काढून टाकला गेला. तो तेव्हा कर्करोगाने आजारी होता आणि फेब्रुवारी १९९४मध्ये गेला. जानेवारी २००९मध्ये लेटरमनने त्याच्या आईला शोमध्ये बोलावलं, निर्णय आपला होता असं सांगून तिची माफी मागितली आणि तो तुकडा दाखवला. पंधरा वर्षं एक निर्णय मनात बाळगणारा होस्ट: यावर अख्खा सीझन उभा राहील.

कॉमेडियन जोन रिव्हर्स १९८३पासून कार्सनची कायमची पाहुणी होस्ट होती. १९८६मध्ये तिने फॉक्स या दुसऱ्या नेटवर्कवर स्वतःचा शो घेतला. कार्सन तिच्याशी पुन्हा कधीच बोलला नाही. तिचं पाऊल ‘टुनाइट’मध्ये पडलं ते थेट २०१४ साली, जिमी फॅलन होस्ट म्हणून आल्यावर.

आणि लेखकांचे संप. रोजच्या रोज लिहिला जाणारा शो संपात सगळ्यात आधी बंद पडतो. २ मे २०२३ रोजी संप सुरू होताच हे शो थांबले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच परतले. त्या काळात पाच होस्टनी मिळून पॉडकास्ट केला, आपल्या स्टाफला पैसे मिळावेत म्हणून. त्याआधीच्या, २००७-०८च्या संपात कोनन जानेवारीत लेखकांशिवाय शो करू लागला. वेळ भरायला तो टेबलावर लग्नाची अंगठी भिरकीसारखी फिरवायचा आणि ती किती वेळ फिरते ते मोजायचा. लेखकांची खोली रिकामी, आणि बाहेर रस्त्यावर तेच लेखक फलक घेऊन उभे. होस्टची गाडी रोज त्यांच्यासमोरून आत जाते. गाडीची काच खाली करायची की नाही, एवढ्या प्रश्नावर एक भाग होतो.

सातवी पायरी: पडद्यावरचा शो किती दाखवायचा

माझं मत, एक पंचमांश. त्याहून जास्त नको. पण तो एक पंचमांश खरोखर विनोदी हवा. पात्रं म्हणतात की होस्ट ग्रेट आहे आणि प्रेक्षकाला त्याचा एकही विनोद आवडत नाही, असं झालं की मालिका तिथेच कोसळते. मोनोलॉगसाठी ताज्या राजकारणाचे विनोद टाळा, चित्रीकरण होईपर्यंत शिळे होतील. हवामान, विमानप्रवास, लग्न, भुयारी रेल्वे, यांवरचे टिकतात.

दोन्ही जगांचं रूप वेगळं ठेवा. शँडलिंगच्या मालिकेत शोचा भाग व्हिडिओवर आणि पडद्यामागचा भाग फिल्मवर चित्रित केलेला असे. होस्ट पडद्याआड आला की रंगच बदलतो, बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. श्राव्य नाटक असेल तर हेच आवाजाने करा. शोमध्ये खोली आणि घुमारा, आत आलं की कोरडा, जवळचा आवाज. एकांकिका असेल तर टेबलाची पाठ प्रेक्षकांकडे करा. काल्पनिक प्रेक्षक मागच्या भिंतीकडे बसलेले आहेत असं धरलं की आपल्या प्रेक्षकाला टेबलामागचे कार्डांचे गठ्ठे आणि होस्टचे हलणारे पाय दिसतात. नेपथ्याचा खर्चही वाचतो.

आठवी पायरी: बघून या, मोजून बघा

न्यूयॉर्कमधल्या या शोंची तिकिटं फुकट असतात, ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं दिली जातात, म्हणून तिकीट हातात असूनही प्रवेशाची खात्री नसते. लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. न्यू जर्सीत आपली इतकी मराठी घरं आहेत, की कुणी ना कुणी नातेवाईक सापडतोच. स्वतः जमत नसेल तर त्याला पाठवा आणि सांगून ठेवा: शो बघू नकोस, ब्रेक बघ. टेबलाशी कोण आलं, होस्ट कुणाशी बोलला, कुणाशी बोलला नाही, बँड थांबल्यावर काय झालं. फोन बंद ठेवायला लावतात, तेव्हा बाहेर पडल्याबरोबर लिहून काढायला सांगा.

घरी बसून करायचं काम म्हणजे एक जुना आणि एक अलीकडचा पूर्ण भाग घड्याळ लावून बघणं. मोनोलॉग किती मिनिटं, पहिला ब्रेक कधी, पाहुण्याचे किस्से किती आणि त्यातला कुठला प्रश्न कार्डावरचा होता. दोन-तीन भागांनंतर कार्डावरचा प्रश्न ओळखू यायला लागतो.

आपल्याकडचे अनुभव इथे सरसकट वापरू नका. शेखर सुमनने १९९७मध्ये ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मधून हा ढाचा हिंदीत आणला, पण मराठीतले गप्पांचे कार्यक्रम बहुतेक आठवड्याचे. तिथली दमछाक वेगळी, भीती वेगळी. रोज संध्याकाळी पडदा उघडण्याचा धाक त्यांत येत नाही.

नववी पायरी: एक भाग बांधा

एका भागात एकच दिवस घ्या. सकाळी नऊला सुरू, साडेसहाला संपला. एक संकट शोचं (पाहुणा, विनोद, नेटवर्क) आणि एक संकट माणसाचं, जे त्या माणसाने साडेपाचपर्यंत लपवायचं आहे. दोन्ही एकाच ब्रेकमध्ये समोरासमोर आणा. शो पार पडतोच, त्यामुळे ‘शो होईल का’ हा प्रश्न ताणू नका. तो पार पाडायला आज कुणी काय गमावलं, तेवढं दाखवा.

खर्डा झाला की चार-पाच जणांना बसवून मोठ्याने वाचा आणि वेळ लावा. भाग लांबला असेल, लांबतोच, तर कात्री या क्रमाने चालवा: आधी मोनोलॉगमधले विनोद, मग नेटवर्कच्या माणसाचे संवाद, मग लेखकांच्या खोलीतली टोलेबाजी. ग्रीन रूमला शक्यतो हात लावू नका. आणि ब्रेकमधल्या प्रसंगातून एखादी ओळ काढायची पाळी आलीच, तर ती होस्टची काढा, स्टेज मॅनेजरची नको.